हरवलेलं बेथसैदा वाचायचं कसं: कुर्डीच्या एका मास्तराची रीत

गोव्यातल्या आमच्या सांग्याच्या वाचनकट्ट्यावर कुणी बेथसैदाचं, म्हणजे बायबलातल्या एका हरवलेल्या गावाचं, नाव काढलं की मी आधी पुस्तक मिटायला सांगतो. मग कोरा कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, तळं काढा.

माझा जन्म कुर्डीचा. साळावली धरणाच्या पाण्याखाली १९८६ साली गाव गेलं तेव्हा मी विशीत होतो. वासे, कौलं, दारं-खिडक्या काढून ट्रकात घातल्या आणि आम्ही वाडेच्या वसाहतीत राहायला आलो. पुढे नोकरीभर मुलांना मराठी शिकवली. १६१६ साली रायतूरला छापलेलं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे, म्हणून निवृत्तीनंतर कट्ट्यावर तेच वाचायला घेतलं. ओव्या वाचताना मूळ शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची येशूची कथा सांगणारी बायबलातली चार पुस्तकं) जवळ ठेवावी लागली, आणि त्यांत हे गाव भेटलं. खालची रीत तीन-चारदा चुकल्यावर बसलेली आहे. एक चूक तर चांगलीच अंगाशी आली होती, ती पुढे येईलच.

साहित्य फार नाही. मराठी बायबल, पेन्सिल, खोडरबर, लाल खडू. शाईचं पेन नको, कारण या गावाची जागा तुम्हाला एकदा तरी खोडावी लागणार आहे.

तर तळं काढा. वर रुंद, खाली निमुळतं. लांबी साधारण २१ किलोमीटर, रुंदी जिथे जास्त तिथे १२-१३. उत्तरेकडून यार्देन नदी आत येते, दक्षिणेकडून बाहेर पडते. बायबलात याला गालील समुद्र म्हटलंय, पण मिरामारचा समुद्र डोळ्यांपुढे आणू नका. पाणी गोडं आहे, आणि पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली. लूक त्याला गनेसरेत सरोवर म्हणतो, योहान तिबिर्य समुद्र म्हणतो, जुन्या करारात ते किन्नेरेथ आहे. ही चारही नावं कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. नाहीतर वाचताना चार वेगवेगळी तळी आहेत असं वाटत राहतं. आमच्या कट्ट्यावर एका गृहस्थांना महिनाभर वाटत होतं.

आता गावं. वायव्येला काठावर कफर्णहूम. त्याच्या मागे टेकडीवर खोराजिन, तिथला दगड काळा, आपल्या चिऱ्यासारखा तांबडा नाही. आणि यार्देन जिथे तळ्यात शिरते त्या मुखाजवळ, नदीच्या पूर्वेला, पेन्सिलीने हलकेच लिहा: बेथसैदा. ‘बेथ’ म्हणजे घर. ‘सैदा’चा संबंध मासेमारीशी, शिकारीशी. मासे पकडणाऱ्यांचं घर. आपल्याकडे रापणकारांच्या वाड्याला जे नाव सहज पडेल, तसलं नाव.

मग लाल खडू घ्या आणि यार्देन नदी लाल करा. ही पायरी लोक गाळतात आणि पुढे सगळं गुळगुळीत वाचत सुटतात. त्या काळी ही नदी म्हणजे दोन राजवटींमधली हद्द होती. थोरल्या हेरोदाच्या मरणानंतर त्याचं राज्य मुलांत वाटलं गेलं. नदीच्या पश्चिमेला गालीलात हेरोद अंतिपा, पूर्वेला फिलिप. कफर्णहूमला मत्तय जकातीच्या नाक्यावर बसलेला सापडतो, तो उगाच नाही. हद्दीजवळ नाका असायचाच. आता लूकचा नववा अध्याय उघडा. अंतिपा म्हणतो, योहानाचं शिर मी तोडलं, मग हा कोण ज्याच्याविषयी मी असल्या गोष्टी ऐकतो? (हा बाप्तिस्मा देणारा योहान, शुभवर्तमानाचा योहान वेगळा.) तो येशूला भेटायला बघत होता. पुढच्याच ओळीत येशू शिष्यांना घेऊन गुपचूप बेथसैदाकडे जातो. लाल रेषेवर बोट ठेवून हे वाचा. एकसष्टच्या आधी आपली माणसं पोर्तुगीज पोलिसांना चुकवून पत्रादेवीच्या हद्दीपल्याड बांद्याला, सावंतवाडीला का जात होती, हे ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना या ओळीचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. लूक काही ‘पळून गेला’ म्हणत नाही, आपणही म्हणू नये. पण तो कुठल्या काठावरून कुठल्या काठावर गेला, हे कागदावर दिसतं.

पुढे माणसं. योहान १:४४ (पहिला अध्याय, चव्वेचाळिसावं वचन) काढा. फिलिप बेथसैदाचा, आंद्रिया आणि पेत्र यांच्या गावचा. (हा फिलिप शिष्य, पल्याडचा राज्यकर्ता फिलिप वेगळा.) बारा शिष्यांपैकी तिघे या एका गावचे. पण मार्कच्या पहिल्या अध्यायात शिमोन पेत्राचं घर कफर्णहूमला आहे आणि सासू तापाने तिथेच पडलेली आहे. गोंधळून जाऊ नका. मूळ गाव एक आणि बिऱ्हाड दुसरीकडे, हे गोव्यात कुणाला नवीन आहे? मी वाडेत चाळीस वर्षं राहतो, तरी कुणी विचारलं की कुर्डीचाच आहे.

आता माझ्या आवडीची जागा. इथे थोडा वेळ बसा.

पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. ती घडली बेथसैदाजवळ, हे फक्त लूक सांगतो. योहान जागेचं नाव घेत नाही. पण योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू एका विशिष्ट माणसाला विचारतो, यांना खायला भाकरी कुठून विकत आणायच्या? तो माणूस फिलिप. बारा जणांत नेमका त्यालाच का विचारलं, याचं उत्तर योहानाच्या त्या पानावर नाही. लूकची जागा आणि योहानाचा पहिला अध्याय शेजारी ठेवा. फिलिप तिथला होता! परगावी गेल्यावर दुकान कुठे म्हणून आपण तिथल्याच माणसाला विचारतो. फिलिप हिशेबी माणूस, लगेच आकडा सांगतो: दोनशे दिनारांच्या भाकरीही पुरणार नाहीत. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मग पुढे येतो आंद्रिया. तोही तिथलाच. त्याला गर्दीतला एक पोरगा सापडलेला आहे, पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन आलेला.

या मासळ्यांपाशी थांबा. योहानाच्या ग्रीक मजकुरात इथे माशाचा नेहमीचा शब्द नाही. ‘ऑप्सारिऑन’ असा शब्द आहे, म्हणजे भाकरीबरोबर खायची छोटी मासळी. मराठीत त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: तोंडी लावणं. पोराच्या आईने त्याला पाच भाकरी आणि तोंडी लावायला दोन मासळ्या बांधून दिल्या असतील. जव हे गरिबाचं धान्य. कट्ट्यावर मी हे सांगितलं तेव्हा आमच्यातली आंटी पटकन म्हणाली, ‘म्हणजे खारें, मास्तर.’ खारवलेलं असणं अगदी शक्य आहे. त्याच तळ्याकाठचं मग्दाला म्हणजेच ग्रीकांचं तारिकेआ असं मानतात, आणि त्या नावाचा अर्थच मुळी मासे खारवायची जागा. आमच्या घरी पावसाळ्यात पेजेबरोबर एक सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून चौघांत वाटला जायचा. ताटलीत तेवढा तुकडा समोर ठेवून मग पाच हजारांचा आकडा वाचा.

इथेच एक गाठ आहे, ती लपवू नका. मार्कच्या सहाव्या अध्यायात जेवण उरकल्यावर येशू शिष्यांना होडीत बसवून ‘पलीकडे बेथसैदाला’ पाठवतो. जेवण बेथसैदापाशीच झालं असेल तर पलीकडचं बेथसैदा कुठलं? काहींनी यावर दोन बेथसैदा मानली, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. त्याला आधार म्हणून योहान १२:२१ दाखवतात, तिथे ‘गालीलातील बेथसैदा’ असं आहे, आणि गालील तर नदीच्या पश्चिमेला. दुसरे म्हणतात, पाण्यावरची माणसं एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जातानाही पलीकडे जातो म्हणतात, आणि गालील हा शब्द लोक ऐसपैस वापरायचे. मला दुसरं पटतं. आमच्या कुर्डीच्या नदीला पावसाळ्यात पाणी चढलं की हाकेच्या अंतरावरचा वाडाही ‘पलतड’ व्हायचा. शिवाय मार्कची ती होडी त्या रात्री बेथसैदाला पोचलीच नाही. वारा समोरचा होता, आणि ते लागले पश्चिम काठावरच्या गनेसरेत या भागाला.

पुढची पायरी मार्क ८:२२. ही गोष्ट फक्त मार्ककडे आहे. बेथसैदात लोक एका आंधळ्याला आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालताहेत. पुन्हा हात ठेवल्यावर स्वच्छ दिसतं. येशू त्याला घरी पाठवतो आणि सांगतो, गावात जाऊ नकोस.

शुभवर्तमानांत दोन टप्प्यांत झालेला हा एकच बरेपणा. वाचताना पुढचं-मागचं जोडून घ्या. जरा आधी होडीत येशू शिष्यांवर चिडलेला आहे: डोळे असून तुम्हाला दिसत नाही का? आणि बेथसैदानंतर लगेच कैसरिया फिलिप्पीच्या वाटेवर पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. म्हणजे पेत्राला दिसलं. पण चार ओळींनंतर दुःखसहनाचं बोलणं निघताच तोच पेत्र येशूला अडवतो. दिसलं, पण झाडांसारखं. मार्कने ही गोष्ट मुद्दाम इथे बसवली असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि पेत्र कुठल्या गावचा हे लक्षात असलं की ती आणखी बोचते.

आता धिक्कार. इथे मी तोंडावर आपटलो.

मत्तय ११ आणि लूक १०, दोन्हींत येशू तीन गावांना बोल लावतो: खोराजिन, बेथसैदा, कफर्णहूम. तुमच्यात जी अद्भुत कामं झाली ती सोर आणि सीदोनात झाली असती तर ती शहरं कधीच गोणपाट नेसून राखेत बसली असती. तिन्ही गावं आज ओसाड आहेत. मी पहिल्यांदा शिकवलं तेव्हा फळ्यावर बाण काढला: शाप, मग नाश. सोपं, लक्षात राहण्यासारखं. मागच्या बाकावरून आंटीने विचारलं, ‘मास्तर, आमचो गांव कित्याक बुडलो? शापान?’ (आपलं गाव कशाने बुडालं, शापाने?)

आंटीही कुर्डीचीच. तिच्या घरामागे कपेल, म्हणजे छोटं चर्च, आमच्या घराजवळ सोमेश्वराची वाट. मी डस्टर घेऊन बाण पुसला. उरलेला तास काय शिकवलं ते आठवत नाही.

घरी जाऊन तारखा जुळवल्या, ज्या आधीच जुळवायला हव्या होत्या. तुम्हीही इथे कागदाच्या खालच्या बाजूला एक आडवी रेघ मारा आणि तारखा भरा. येशूचं बोलणं इसवी सन तीसच्या आसपासचं. जोसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार सांगतो की पल्याडच्या राज्यकर्त्या फिलिपने बेथसैदा गावाला नगराचा दर्जा दिला आणि त्याचं नाव जुलियास ठेवलं. म्हणजे धिक्काराच्या सुमाराला गावाची भरभराट चालली होती. फिलिप मेला तोही जुलियासलाच. रोमनांविरुद्धच्या बंडात स्वतः जोसेफस तिथे जवळच लढला. दलदलीत घोडा रुतला, हा पडला, मनगट दुखावलं आणि त्याला कफर्णहूमला न्यावं लागलं. (त्या दलदलीची नोंद करून ठेवा, नदीच्या मुखाचा गाळ म्हणजे काय ते कळतं.) पुढे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, काळात तिथे चर्च उभं राहिलं. साधारण ७२५ साली विलिबाल्ड नावाचा यात्रेकरू बेथसैदाला येऊन गेला, आणि पेत्र-आंद्रियाच्या घराच्या जागी चर्च असल्याची नोंद त्याच्या प्रवासवर्णनात आहे. म्हणजे धिक्कारानंतर सातशे वर्षांनीही लोक तिथे जात होते. बाण टिकत नाही.

मग त्या शब्दांचं करायचं काय? मत्तयची ओळ नीट वाचा. बोल लागतो तो पाहून न बदलल्याबद्दल. तो भिंतींना नाही, बघणाऱ्यांना आहे. आणि एक चमत्कारिक गोष्ट तपासून बघा: सर्वांत जास्त अद्भुत कामं या गावांत झाली म्हणतात, पण खोराजिनमधली एकही गोष्ट चारही शुभवर्तमानांत नाही. बेथसैदाच्याही मोजून दोन. योहान शेवटी सांगतोच की सगळं लिहिलेलं नाही. हे वाचताना मला आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या आणि कुणीच टिपून न ठेवलेल्या गोष्टी आठवतात.

आता खोडरबर काढा. बेथसैदाच्या जागेसाठी दोन दावेदार आहेत. एक एत-तेल नावाची टेकडी. १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सनने तिच्याकडे बोट दाखवलं आणि १९८७ पासून रामी आराव यांच्या नेतृत्वाखाली तिथे खोदकाम झालं. जाळ्याची शिशाची वजनं, गळ, कोळ्याचं म्हणता येईल असं घर मिळालं. त्याखाली त्याहून कितीतरी जुनं नगर आणि त्याचा भक्कम दरवाजा. ते गशूर राज्याचं मानतात, म्हणजे दावीदाच्या मुलाचं, अबशालोमाचं आजोळ. भावाला मारल्यावर अबशालोम तीन वर्षं तिथेच लपला होता. ते नगर इ.स.पू. ७३२ ला अश्शूरी स्वारीत पडलं. या जागेची एक मोठी अडचण: आजचं तळं तिथून दीड-दोन किलोमीटर लांब आहे. पूर्वी पाणी जवळ होतं, नदीच्या गाळाने काठ पुढे सरकला, असं तिचे समर्थक सांगतात.

दुसरी एल-अराज, थेट काठावर. २०१६ पासून मोर्देखाय आवियाम आणि स्टीव्हन नॉटली यांनी तिथे खोदलं. पुढच्याच वर्षी बायझंटाइन थराच्या खाली रोमन काळाचा थर आणि स्नानगृह लागलं. मग मोझेकच्या फरशीचं चर्च. २०२२ ला त्या फरशीत ग्रीक लेख सापडला, त्यात ‘स्वर्गीय प्रेषितांचा प्रमुख आणि सेनापती’ असा उल्लेख आहे. ही पदवी पेत्राची. विलिबाल्डच्या चर्चशी हे जुळतं. वाद मिटलेला नाही, पण मी कागदावरचं नाव खोडून काठाजवळ सरकवलंय. तुम्ही दोन्हीकडे प्रश्नचिन्ह ठेवलंत तरी चालेल.

शेवटची पायरी फक्त गोव्यातल्या वाचकांना जमेल, आणि तीही मे महिन्यातच. साळावलीचं पाणी उतरलं की कुर्डी वर येते. सोमेश्वराच्या जत्रेला आम्ही जातो, कपेलाच्या फेस्ताला आंटीची माणसं जातात. (कुर्डीचं जुनं महादेव मंदिर मात्र बुडायच्या आधीच दगड-दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभं केलेलं आहे.) सकाळी लवकर निघा, पाणी आणि टोपी घ्या, चप्पल नको, बूट घाला. तडकलेला चिखल वरून सुका दिसतो आणि मधेच पाय घोट्यापर्यंत आत जातो. जोसेफसचा घोडा आठवेल.

बायबलची छोटी प्रत आणि तुमचा कागद बरोबर असू द्या. खाली उतरायच्या आधी उंचावर उभं राहून मार्क ८:२२ ते २६ मोठ्याने वाचा. पाण्यात राहून काळे पडलेले झाडांचे बुंधे सगळीकडे उभे असतात. लांबून ते माणसांसारखे दिसतात, आणि जत्रेला आलेली माणसं बुंध्यांसारखी. कोण हलतंय त्यावर लक्ष ठेवा.

मग खाली जाऊन एखाद्या घराचा चौथरा शोधा. भिंती नसतात. चिऱ्यांची एक रांग, पायरीचा दगड, कुठे तुळशीवृंदावनाचा बुडखा, एवढंच. चौथऱ्यावरून दार कुठल्या दिशेला होतं ते ठरवा, मग चूल कुठे असेल, मग विहीर. मला माझं घर सापडायला पहिल्या वर्षी अर्धा दिवस लागला होता, आणि मी आधी शेजाऱ्याच्या चौथऱ्यावर बसून डबा खाल्ला होता. एत-तेल आणि एल-अराजवाल्यांचं भांडण त्यानंतर मला जास्त समजलं.

ज्या १९८६ साली आमच्याकडे पाणी चढलं, त्याच वर्षाच्या सुरुवातीला दुष्काळाने गालीलाच्या तळ्याचं पाणी खूप उतरलं होतं. तेव्हा गिनोसारजवळच्या चिखलात एक जुनी होडी दिसली, सव्वाआठ मीटर लांब, येशूच्या काळाच्या आसपासची. तिचा अंदाज बघायचा असेल तर चौथऱ्याच्या कडेने सव्वाआठ मीटर मोजा, साधारण अकरा पावलं. आत तेरा माणसं बसवून बघा. मागच्या मेमध्ये आम्ही नऊ जण होतो. आंटी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, बसली, म्हणजे पायरीच्या दगडावर, आणि तिने डब्यातून पाव आणि सुक्या बांगड्याची किशमूर काढली.